साडेसहाचा तक्ता

भाऊजी,

नमस्कार-चमत्कार राहू देत. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तसंही हयातीत तुम्ही एका प्रश्नाला तीन दिवस लावायचात. "बघून सांगतो, वहिनी." काय इतकं बघायचात देव जाणे, पण सांगायचात ते बरोबर असायचं. एक सकाळ सोडून. त्या सकाळची हकिकत आपण कोणाला सांगितली नाही. आता मी सांगणार आहे. तुम्ही असता तर "कशाला उगाच" म्हणाला असता, आणि मी ऐकलंही असतं कदाचित. हे वाचणाऱ्या बाकीच्यांना तुम्ही कोण हे माहीत नाही, तेव्हा थोडा वेळ तुमच्याविषयी तुमच्या तोंडावर 'ते' म्हणून बोलावं लागेल. सहन करा.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक, आणि बाराही महिने अंगात राखाडी स्वेटर, कारण त्यांचा निम्मा दिवस सर्व्हरच्या थंडगार खोलीत जायचा. आमचं ऑफिस नदीच्या पातळीची नोंद ठेवायचं. मी तिथे सांख्यिकी विभागाची प्रमुख होते. ते माझ्यानंतर नऊ वर्षांनी परीक्षा देऊन टायपिस्ट म्हणून लागले. लोक म्हणाले, "वहिनीने चिकटवला." वहिनीने मुलाखतीच्या दिवशी मुद्दाम रजा टाकली होती, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

ऑफिसच्या फाटकातून आत आले की मी 'मॅडम', बाहेर पडले की 'वहिनी'. यात त्यांची एकदाही चूक झाली नाही. फाटकातच भेटलो तर मात्र नुसतीच मान हलवायचे.

कॉम्प्युटर त्यांना कोणी शिकवला नाही. मशीन आलं, ते चालवायला नेमलेला माणूस दोन महिन्यांत सोडून गेला, आणि टायपिंग येतं म्हणून यांना तिथे बसवलं. दहा वर्षांत सगळं ऑफिस त्यांच्या दोन बोटांवर चालू लागलं. हो, दोनच बोटं. टायपिस्ट असून मशीनसमोर बसले की दोन बोटांनी टाइप करायचे. विचारलं तर म्हणाले, "कागदावर चुकलं तर खोडता येतं. इथे चुकलं की झालं." एरर आला की तो मोठ्याने वाचून दाखवायचे, घरातल्या थोरल्या माणसाचं पत्र आल्यासारखा. दिलेली प्रत्येक कमांड जाड पुठ्ठ्याच्या वहीत. प्रत्येक वायरीला चिठ्ठी. आणि टाकून काहीच द्यायचं नाही. ज्याने जो प्रोग्रॅम लिहिला तो त्याच्या नावाने तसाच ठेवलेला, माणूस निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असला तरी. माझ्या निरोप समारंभात मी बोलून गेले होते, "माझं काही पुसू नका हं एवढ्यात." लोक हसले. यांनी वहीत लिहून घेतलं असणार.

मी निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी धाकटीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण धार तशीच राहिली. मूलबाळ नाही. मदतीच्या मावशी सकाळी नऊला यायच्या. नऊच्या आधी तिला उठवणं, बसवणं, औषध, बाथरूम हे सगळं भाऊजींनाच करायला लागायचं. मी करायला तयार होते. पण तिने एकदाच सांगितलं, "ताई, तुम्ही गप्पांना या. मोठ्या जावेच्या हातून आंघोळ मला जमायची नाही." तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

आणि भाऊजींचं मुख्य काम नेमकं पहाटेचं. नदीकाठच्या खांबावरच्या यंत्राकडून रात्रभरचे आकडे यायचे, त्यातून साडेसहाला एक तक्ता निघायचा आणि धरणाच्या गेट ऑफिसला जायचा. पाणी इशाऱ्याच्या रेघेवर गेलं की गेटवाल्यांनी भोंगा वाजवून दरवाजे उचलायचे. तक्त्यात रेघेखाली असेल तर हात लावायचा नाही. तक्ता काढायचा तर साडेपाचला ऑफिसात हजर, म्हणजे पाचला घरातून बाहेर. मग नऊपर्यंत धाकटी एकटी. पहिल्याच आठवड्यात ती पलंगावरून घसरली आणि अडीच तास जमिनीवर पडून राहिली. "छताला किती तडे आहेत ते मोजून झाले," एवढंच मला म्हणाली.

भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांकडे काही मागितलं. पहाटेचा तक्ता घरून लॉगिन करून काढतो, दहाला ऑफिसात हजर होतो. साहेब एकेकाळी माझ्या हाताखाली आकडेमोड शिकलेले. माणूस वाईट नाही, पण भित्रा. म्हणाले, "महिनाभर करून बघा. एक जरी गडबड झाली तरी बंद."

अठरा दिवस सगळं घड्याळासारखं चाललं. अठराव्या दिवशी दुपारी भाऊजींनी ऑफिसच्या मशीनवर आलेख काढायचं एक नवं साधन बसवलं. खुर्चीत बसून सगळं दोनदा तपासलं, वहीत टिक केली आणि घरी गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी घरून तक्ता काढला. पाणी सात मीटर चौदा. इशाऱ्याची रेघ सात चाळीसला. पाठवून दिला आणि धाकटीसाठी चहा ठेवला. पावणेसातला फोन वाजला. गेट ऑफिसचा माणूस होता. हे संभाषण भाऊजींनी मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं, म्हणून तसंच देते.

"अहो, तुमच्या कागदावर पाणी सात चौदा. मी इथे घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, इशाऱ्याच्या रेघेशी उभा आहे. तुमची नदी खाली गेली असेल तर माझे बूट कोणी भिजवले?"

"तक्ता बरोबर आहे. मी स्वतः आत्ता काढलाय."

"परत एकदा काढा की."

भाऊजींनी परत काढला. "सात चौदाच येतंय."

"बघा बरं का. मी तुमच्यावर विसंबून बसलो आणि खालची वस्ती बुडाली, तर नाव माझं होणार."

"मी सांगतोय ना, बरोबर आहे."

"बरं. तुमचा कागद तुमच्याकडे, माझे डोळे माझ्याकडे." असं म्हणून त्याने फोन ठेवला, भोंगा वाजवला आणि दोन दरवाजे उचलले.

कोणाचं काही बिघडलं नाही, कारण त्या माणसाने डोळे उघडे ठेवले होते. पण तक्त्यात पाणी रेघेखाली असताना दरवाजे उचलले म्हणून दुपारपर्यंत त्याच्या खात्याने त्याच्या हातात मेमो दिला. इकडे दहा वाजता भाऊजींनी ऑफिसच्या खुर्चीत बसून तोच तक्ता पुन्हा काढला. सात चोपन्न. तेच आकडे, तीच कमांड, तोच माणूस, आणि उत्तर चाळीस सेंटिमीटरने वेगळं.

साहेबांनी दोन्ही कागद समोर धरले. "एका सकाळचे दोन तक्ते? वर कोणता पाठवू, छापा-काटा करू?"

भाऊजी म्हणाले, "बघून सांगतो."

"सोमवारी सांगा. आणि हेही सांगा, साडेपाचला इथे येणार की लवकर निवृत्ती घेणार. घरून आता बंद."

निवृत्ती घेतली तर पेन्शन अर्धं, न घेतली तर धाकटी जमिनीवर. हे त्यांनी मला बोलून दाखवलं नाही. शनिवारी सकाळी फक्त फोन आला, "वहिनी, जरा येता का?"

मी गेले. धाकटी खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर निर्जीव हात. भाऊजींनी टेबलावर दोन्ही कागद ठेवले. मी चष्मा लावला आणि अर्ध्या मिनिटात म्हटलं, "हा चुकीचा तक्ता तुम्ही काढलेला नाही."

"मीच काढलाय, वहिनी."

"मथळ्याखाली तुटक रेघ आहे. तुम्ही कधी तुटक रेघ घालता का? ही सवय माझी. हा माझा प्रोग्रॅम आहे."

भाऊजी कागदाकडे बघतच राहिले. धाकटी म्हणाली, "काखेत कळसा."

गोष्ट अशी होती. तक्ता काढायचा मूळ प्रोग्रॅम मी लिहिलेला, नाव 'तक्ता', ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला. मी निवृत्त झाल्यावर नदीकाठचा खांब बदलला, नव्या खांबाचा शून्य चाळीस सेंटिमीटरने सरकला. भाऊजींनी नव्या खांबाचा हिशेब घालून नवा प्रोग्रॅम लिहिला. नाव 'तक्ता'च ठेवलं, कारण सगळ्या सूचनांत तेच नाव होतं. पण माझा पुसून त्याच्या जागी आपला ठेवायचा, हे त्यांच्या हातून होईना. म्हणून आपला स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवला. एका ऑफिसात एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम, आणि कारण काय, तर थोरल्या वहिनीचा मान! दुसऱ्या कुठल्या ऑफिसात असली चूक होणार नाही, हे मी लिहून देते.

"पण मग इतकी वर्षं तुमचाच कसा चालला?" मी विचारलं.

"पाथमध्ये माझं फोल्डर पहिलं आहे ना."

"मला कळेल असं बोला," धाकटी म्हणाली. "घर माझं, झोप माझी उडालीय."

मग मी तिला सांगितलं, कारण भाऊजींनी सांगितलं असतं तर मंगळवार उजाडला असता. "हे बघ, कमांड दिली की ती कुठे ठेवलीय हे मशीनला माहीत नसतं. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला हे लोक पाथ म्हणतात. मशीन यादीत वरून खाली बघत जातं. त्या नावाचं पहिलं जे सापडेल ते चालवतं आणि पुढे बघतच नाही. तुमच्याकडे कात्री मागितली की हे आधी कुठे बघतात?"

"दाराजवळच्या खणात."

"आणि तिथे कुठली असते?"

"बोथट. चांगली माझ्या शिवणाच्या डब्यात. पण हे तिथवर येतच नाहीत, बोथट घेऊन कापत बसतात आणि वर म्हणतात हल्ली कापडच चिवट येतं."

"झालं तर. परवा सकाळी मशीनने बोथट कात्री उचलली."

भाऊजींनी एव्हाना घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसात लॉगिन केलं होतं. कुठला 'तक्ता' चालेल हे विचारायची एक कमांड असते, ती दिली. उत्तर त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. सामायिक फोल्डर. माझा. मग ऑफिसात शनिवारच्या पाळीवर असलेल्या बाईंना फोन करून तीच कमांड यांच्या खुर्चीवरून द्यायला सांगितली. तिकडे उत्तर आलं, भाऊजींचं फोल्डर. त्यांचा.

"खुर्चीत बसलं की एक यादी आणि घरून आलं की दुसरी?" धाकटीने विचारलं. "मशीन आहे का सासू?"

खरंच तसं असतं. ती यादी कायमची कुठे कोरलेली नसते. आपण आत शिरताना मशीन काही छोट्या फाईली वाचतं आणि त्यातून यादी बनवतं. खुर्चीत बसून मशीनवर कमांडची खिडकी उघडली तर एक फाईल वाचतं, लांबून लॉगिन केलं तर दुसरी. भाऊजींनी आपल्या फोल्डरची ओळ पहिल्या फाईलमध्ये लिहिली होती आणि दुसरीत 'पहिली वाच' एवढंच सांगून ठेवलं होतं. म्हणून अठरा दिवस दोन्हीकडे एकच यादी. पण ते आलेखाचं नवं साधन बसवताना त्याने लॉगिनच्या वेळी वाचायची आपली एक तिसरी फाईल गुपचूप तयार केली. मशीनचा नियम असा की ही तिसरी दिसली की दुसरी उघडायचीच नाही. झालं. घरून येणाऱ्याच्या यादीतून भाऊजींचं फोल्डर गळालं आणि माझा प्रोग्रॅम पुढे आला. 'कमांड सापडली नाही' असं मशीन म्हणालं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. पण कमांड सापडली होती! जुनी, नीटनेटकी, तुटक रेघ घालणारी.

"आणि तुम्ही तपासलंत कुठे? खुर्चीत बसून," मी म्हटलं. "जे घरून चालवायचं ते खुर्चीत बसून तपासायचं? शाळेतला पोर तरी असं करील का?"

"नाही करणार," भाऊजी म्हणाले.

एवढा सरळ कबूल झालेला माणूस पुढे रागावायला काही ठेवत नाही. मी म्हटलं, "माझा प्रोग्रॅम पुसून टाका."

"पुसणार नाही. नाव बदलतो." आणि त्यांनी त्याचं नाव 'जुना-तक्ता' केलं. मग पाथची ओळ सगळीकडून काढून एका वेगळ्या फाईलमध्ये लिहिली, आणि बाकीच्या सगळ्या फाईलींना तीच वाचायला लावलं. फोल्डर यादीत आधीच असेल तर दुसऱ्यांदा घालायचं नाही, हीसुद्धा अट टाकली. मी विचारलं, आणखी कुठून शिरता येतं का? तर हो. आत न येता लांबूनच एक कमांड सांगून मोकळं होता येतं, आणि तेव्हा मशीन आणखी निराळं वागतं. तेही दार तपासलं. दुपारचे तीन वाजले. मावशी जेवण वाढून, आवरून निघून गेल्या तरी आम्ही तिथेच.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. फाटकातून आत शिरताच "मॅडम, पायरी" म्हणाले. साहेबांसमोर भाऊजींनी खुर्चीतून तक्ता काढला, लॅपटॉपवरून लॉगिन करून काढला, आणि आत न जाता एका कमांडने काढला. तीन कागद, एकच आकडे. साहेब तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरून बघायला लागले, जसं काही आकडे हलणार होते.

मी म्हटलं, "चुकीचा होता तो प्रोग्रॅम माझा. पुसू नका असं मीच सांगितलं होतं."

"मॅडम, तुम्ही रिटायर होऊन पाच वर्षं झाली," साहेब म्हणाले, "तरी तुमचे तक्ते बाहेर पडतातच."

"म्हणजे मजबूत लिहिला होता."

ते हसले, आणि तिथे मला कळलं की परवानगी मिळणार. मिळाली. पण अट घातली. "हे आपल्या खोलीत संपलं. गेट ऑफिसने स्वतःच्या माणसाला मेमो दिलाय, तो त्यांचा प्रश्न. आपली चूक लेखी गेली तर चौकशी वर जाईल, आणि वरचे लोक पहिली गोष्ट काय करतील? घरून काम बंद. मग मला सांगू नका."

भाऊजी म्हणाले, "त्या माणसाने मला दोनदा विचारलं होतं, साहेब."

"मग?"

"दोन्ही वेळा मी बरोबर आहे म्हणालो."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.  एक गोष्ट मला इथे मान्य करायलाच हवी. मी कोणालाही न घाबरणारी म्हणून ऑफिसात ओळखली जायचे, आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर धाकटी होती, तेव्हा मी गप्प बसले.

तर भाऊजी, आता पुन्हा तुमच्याशी.

परत येताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "वहिनी, आपण दोघं जाऊन त्यांच्या साहेबांना सांगू. आत्ता नाही. हिचं जरा मार्गी लागलं की." मी म्हटलं, जाऊ. घरी येऊन पत्र मी टाइप केलं. एक पान. त्या दिवशीचा तक्ता आमच्याकडून चुकीचा गेला, तुमच्या माणसाने फोन करून दोनदा विचारलं, त्याने दरवाजे उचलले ते योग्य केलं, मेमो मागे घ्यावा. खाली दोन सह्यांची जागा.

धाकटी आणखी चार वर्षं होती. चार वर्षं साडेसहाचा तक्ता तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून गेला आणि एकदाही चुकला नाही. ती पुन्हा कधी जमिनीवर पडून राहिली नाही. त्या चार वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही विचारायचात, "पत्र आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." मग ती खोकायची किंवा औषधाची वेळ व्हायची. मधे एकदा कळलं की गेटवर मुख्य म्हणून दुसऱ्याच कोणाला नेमलं, त्या फोनवाल्या माणसाला नाही. मेमोमुळेच, असं कोणी म्हणालं नाही. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, एवढं धाकटीने मला सांगितलं.

ती गेल्यावर तर कोणाला घाबरायचं कारण राहिलं नव्हतं. तेरावं झालं आणि तुम्हीच म्हणालात, "मंगळवारी जाऊ." मंगळवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. स्वेटर नव्हता. माझा गुडघा सुजला होता. मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी. पुढच्या मंगळवारी तुमची ऑफिसात निवृत्तीच्या कागदांची गडबड. मग तो माणूसही निवृत्त झाला असं समजलं, आणि आपण म्हणालो, आता त्याच्या घरचा पत्ता काढायला हवा. पत्ता गेट ऑफिसातच मिळणार होता.

गेट ऑफिसला जाणारी बस माझ्या कोपऱ्यावरूनच सुटते. अठरा मिनिटं लागतात. आपण गेलो नाही.